रायफलच्या नळीची लांबी : निवडीमागील शास्त्र, उपयोग आणि कायदा

गोषवारा

रायफलची नळी जितकी लांब तितका नेम अचूक, असा समज सर्वसामान्यांत रूढ आहे. प्रस्तुत लेखात हा समज भौतिकशास्त्र, इतिहास आणि भारतीय कायदा या तीन अंगांनी तपासण्यात आला आहे. नळीच्या लांबीचा गोळीच्या वेगाशी, नळीच्या ताठपणाशी, दृष्टिरेषेच्या अचूकतेशी आणि शस्त्राच्या तोलाशी असलेला संबंध उदाहरणांसह स्पष्ट करून, शिकारी रायफल आणि नेमबाजीची रायफल यांच्या गरजा परस्परविरोधी कशा ठरतात हे दाखविले आहे. वसई-विरार परिसरातील महाविद्यालये, राष्ट्रीय छात्रसेनेचे विभाग आणि नवोदित नेमबाज यांच्या दृष्टीने निवडीचा क्रम कसा असावा, याचे विवेचन शेवटी केले आहे.

बीजशब्द : रायफल, नळीची लांबी, अंतर्गत क्षेपणशास्त्र, दृष्टिरेषा, नेमबाजी, शस्त्र अधिनियम १९५९, वसई-विरार.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राने भारतीय नेमबाजीला दिलेले योगदान सर्वश्रुत आहे. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे यांच्या पिढीने रायफल हा क्रीडाप्रकार मराठी घरांत पोहोचविला. २०१० मध्ये म्युनिक येथे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरो येथे १० मीटर एअर रायफलमध्ये विश्वविजेता ठरला, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे याने ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळविले. या यशानंतर नेमबाजीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांसमोर आणि शिक्षकांसमोर उपकरणांच्या निवडीचा प्रश्न वारंवार उभा राहतो. स्पर्धेची रायफल लाखो रुपयांची असते. ती खरेदी करताना सर्वप्रथम विचारला जाणारा प्रश्न बहुधा नळीच्या लांबीचा असतो आणि त्याचे उत्तर बहुधा अंदाजाने दिले जाते.

हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. शस्त्राच्या नळीत बदल करणे हा भारतात कायद्याचा विषय आहे. शिवाय पालघर जिल्ह्यासारख्या वनक्षेत्राने वेढलेल्या भागात बंदूक, शिकार आणि पीकसंरक्षण हे विषय एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यामुळे नळीच्या लांबीची निवड कोणत्या तत्त्वांवर करावी, हे समजून घेणे महाविद्यालयीन अध्यापकांसाठी, विशेषतः क्रीडा आणि छात्रसेना विभागांशी संबंधित अध्यापकांसाठी, उपयुक्त ठरेल.

येथे 'नळीची लांबी' म्हणजे बोल्ट बंद असताना त्याच्या पुढील पृष्ठभागापासून नळीच्या तोंडापर्यंतचे अंतर असा अर्थ अभिप्रेत आहे. काडतूस जेथे बसते तो भागही या लांबीत मोजला जातो. व्यवहारात हे माप इंचांत सांगण्याची रीत आहे, म्हणून आवश्यक तेथे इंच आणि सेंटिमीटर अशी दोन्ही मापे दिली आहेत.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

वसईच्या भूमीला बंदुकीचा इतिहास नवा नाही. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन शतकांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर तोड्याची बंदूक रुळली. तिची नळी बहुधा लांब असे. त्या काळची काळी दारू तुलनेने कमी दाब निर्माण करी, जळताना बराचसा भाग धूर आणि राख यांच्या रूपाने मागे ठेवी, आणि गोळीला पुरेसा वेग देण्यासाठी नळीत अधिक अंतर कापू द्यावे लागे. घोडेस्वाराला मात्र लांब नळी अडचणीची ठरे. लांबीचा प्रश्न हा उपयोगाचा प्रश्न आहे, ही गोष्ट तेव्हाही कारागिरांना ठाऊक होती.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकीत सापडते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश पायदळाच्या चकमकीच्या बंदुकीची नळी ४६ इंच, म्हणजे सुमारे ११७ सेंटिमीटर लांब होती. पुढे ती ४२ इंचांवर आली. कंपनीने आपल्या हिंदुस्थानातील फौजांसाठी जो नमुना तयार करविला त्याची नळी ३९ इंच, म्हणजे ९९ सेंटिमीटर होती. ही बंदूक हलकी होती, स्वस्त होती आणि घडविण्यास सोपी होती. 'इंडिया पॅटर्न' या नावाने ओळखला जाणारा हा नमुना १७९० च्या दशकात खुद्द ब्रिटिश सैन्याने स्वीकारला. सात इंच नळी कमी होऊनही रणांगणावरील परिणामात लक्षणीय उणेपणा आला नाही. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने वसईचा किल्ला घेतला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, त्या कालखंडातील कंपनीच्या लष्करी व्यवहाराची ही एक दुर्लक्षित बाजू आहे.

१८८४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय याने धूरविरहित दारू सिद्ध केली आणि नळीच्या लांबीचे गणित बदलले. नव्या दारूने कमी वजनात अधिक ऊर्जा मिळू लागली. परिणामी विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिशांनी ली-एनफील्ड रायफलची नळी ३०.२ इंचांवरून २५.२ इंचांवर आणली आणि पायदळ व घोडदळ या दोघांसाठी एकच रायफल ठरविली. त्या वेळी नेमबाजांनी या निर्णयावर कडक टीका केली होती. तथापि हीच रायफल पुढे दोन महायुद्धांत वापरली गेली आणि स्वतंत्र भारतातील पोलीस दलांच्या हातीही अनेक दशके राहिली.

३. नळीची लांबी आणि गोळीचा वेग

चाप ओढल्यावर काडतुसातील दारू पेट घेते आणि तिचे तप्त वायूत रूपांतर होते. मोठ्या रायफलमध्ये हा दाब क्षणार्धात ३,००० वातावरणांहून अधिक होतो. हा उच्चांक गोळीने नळीत थोडेच अंतर कापलेले असताना गाठला जातो. त्यानंतर गोळी जसजशी पुढे सरकते तसतसे वायूला अधिक आकारमान मिळते आणि दाब झपाट्याने उतरतो. गोळीला मिळणारी ऊर्जा म्हणजे हा उतरता दाब आणि गोळीने कापलेले अंतर यांचा एकत्रित परिणाम होय. १७४२ मध्ये इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने याच विचारावर तोफविद्येची नवी मांडणी केली आणि लंबकाच्या साहाय्याने गोळीचा वेग मोजून दाखविला.

या उतरत्या दाबामुळे नळीचा प्रत्येक पुढचा इंच आधीच्या इंचापेक्षा कमी लाभ देतो. ७.६२ मिलिमीटर वर्गातील रायफलमध्ये २० ते २६ इंचांच्या दरम्यान नळीचा एक इंच वाढविल्यास वेगात साधारणतः सेकंदाला ६ ते ८ मीटरची भर पडते. म्हणजेच सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेग देणारी नळी १० सेंटिमीटरने आखूड केली तर वेग ३ ते ४ टक्क्यांनी घटतो. ३०० मीटर अंतरावर अशी गोळी नळीच्या रेषेपासून साधारण ८० सेंटिमीटर खाली येते. वेग घटल्यावर ती आणखी ५ ते ६ सेंटिमीटर खाली येईल. हा फरक दर्शकाच्या मळसूत्राचे काही टप्पे फिरवून पूर्णपणे भरून काढता येतो. वाऱ्याने होणारे विचलन किंचित वाढते, तेवढेच नुकसान उरते.

किती लांबी पुरेशी आहे, हे ठरविण्यासाठी एक सोपे प्रमाण उपयोगी पडते. काडतुसातील दारूच्या जागेचे आकारमान आणि नळीच्या पोकळीचे आकारमान यांची तुलना करावी. काडतूस मोठे आणि पोकळी अरुंद असेल तर वायूला पसरण्यास अधिक लांबी लागते. काडतूस लहान असेल तर थोड्या लांबीतच वायूचे काम संपते. पॉइंट २२ या छोट्या काडतुसात दारूचे प्रमाण एका ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. त्यामुळे सुमारे १६ ते १८ इंच नळीत गोळीला मिळू शकणारा वेग जवळजवळ मिळून जातो. त्यापुढे वायूचा दाब आणि नळीशी होणारे घर्षण यांची बरोबरी होऊ लागते. फार लांब नळीत गोळीचा वेग काहीसा घटतोही. राष्ट्रीय छात्रसेनेचे छात्र ज्या पॉइंट २२ रायफलने सराव करतात, तिच्या बाबतीत 'लांब नळी म्हणजे अधिक ताकद' हे विधान म्हणूनच लागू पडत नाही.

४. नळीचा ताठपणा आणि कंप

गोळी सुटताना नळी स्थिर नसते. दाबाच्या आघाताने तिच्यात सूक्ष्म कंप निर्माण होतात आणि गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी नळीचे तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेला ती जाते. दर वेळी हे तोंड एकाच जागी असेल तर गोळ्या एकत्र पडतात. जागा बदलत राहिली तर गोळ्या विखुरतात. दर्शक फिरवून गोळ्यांचा मध्य हलविता येतो, विखुरलेपणा कमी करता येत नाही. अचूकतेच्या दृष्टीने वेगापेक्षा ताठपणा महत्त्वाचा का, याचे कारण येथे आहे.

एका टोकाला घट्ट बसविलेल्या दांड्याचे वाकणे त्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हा स्थापत्य आणि यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला नियम नळीलाही लागू होतो. समान जाडीची २६ इंची नळी २० इंचांवर आणली तर तिचा ताठपणा सुमारे २.२ पट होतो. जाडीचा प्रभाव याहूनही मोठा आहे. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्याने नळीचा बाहेरील व्यास केवळ १० टक्क्यांनी वाढविला तरी ताठपणा जवळजवळ दीडपट होतो. त्यासाठी वजनात सुमारे एकपंचमांश भर सोसावी लागते. यावरून असे दिसते की, ठरावीक वजनाच्या मर्यादेत आखूड आणि जाड नळी ही लांब आणि बारीक नळीपेक्षा अधिक स्थिर असते.

अर्थात अचूकतेचा सर्व भार लांबीवर टाकणे योग्य नाही. पोकळीची एकसारखी मापे, आट्यांची सफाई, काडतुसाच्या घराचे केंद्र आणि नळीच्या तोंडाची कड या गोष्टी अधिक निर्णायक आहेत. तोंडाच्या कडेला एका बाजूला सूक्ष्म ओरखडा असेल तर वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का बसतो. समुद्रालगतच्या दमट, खारट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, नळीचे तोंड गंजण्याची शक्यता अधिक असते. उत्तम लांबीची पण दुर्लक्षित नळी ही साधारण लांबीच्या निगा राखलेल्या नळीपेक्षा निश्चितच वाईट ठरते.

५. दृष्टिरेषेची लांबी

लांब नळी अचूक असते, हा समज पूर्णपणे निराधार मात्र नाही. दुर्बिणीविना, माशी आणि मागील दर्शक यांच्या साहाय्याने शिस्त धरताना या दोहोंमधील अंतराला फार महत्त्व असते. माशी मागील दर्शकाच्या केंद्रापासून ०.१ मिलिमीटरने सरकली आहे असे समजू. दोन दर्शकांमधील अंतर ७०० मिलिमीटर असेल तर ५० मीटरवर ही चूक ७.१ मिलिमीटर होते. अंतर ८५० मिलिमीटर असेल तर तीच चूक ५.९ मिलिमीटरवर येते. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ १०.४ मिलिमीटर असल्याने हा फरक क्षुल्लक म्हणता येणार नाही.

तथापि येथे लाभ होतो तो दर्शकांमधील अंतराचा, पोकळीच्या लांबीचा नव्हे. म्हणूनच आधुनिक नेमबाज नळीच्या पुढे एक हलकी पोकळ नळी जोडतात आणि तिच्यावर माशी बसवितात. तिचा व्यास गोळीपेक्षा मोठा असल्याने गोळी तिला स्पर्श करीत नाही. अशा रीतीने मूळ नळी आखूड ठेवूनही दृष्टिरेषा लांब मिळते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या जोडनळीला छिद्रे पाडता येत नाहीत आणि धक्का कमी करणारी तोंडावरची साधने वापरता येत नाहीत.

१० मीटर एअर रायफलमध्ये हे तत्त्व अधिक स्पष्ट दिसते. स्पर्धेच्या एअर रायफलची प्रत्यक्ष नळी साधारण ४२ सेंटिमीटरच असते. तिच्यावर चढविलेल्या आवरणामुळे ती लांब भासते. नियमाने यंत्रणेच्या मागील टोकापासून दृश्य तोंडापर्यंतची एकूण लांबी ८५० मिलिमीटरपेक्षा अधिक असू शकत नाही आणि रायफलचे वजन ५.५ किलोग्रॅमच्या आत असावे लागते. ज्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका केवळ ०.५ मिलिमीटरचा असतो, ते लक्ष्य ४२ सेंटिमीटरच्या नळीने अचूक भेदले जाते. दुर्बीण बसविलेल्या रायफलमध्ये तर माशीच नसल्याने लांबीचा हा लाभ उरतच नाही.

६. तोल, वजन आणि नळीतील वेळ

२२ मिलिमीटर व्यासाच्या, पॉइंट २२ पोकळीच्या पोलादी नळीचे वजन दर १० सेंटिमीटरला सुमारे २८० ग्रॅम भरते. हे वजन खांद्यापासून सर्वांत दूर असल्याने हाताला ते त्याहून अधिक जाणवते. झोपून नेम धरताना पुढचे वजन रायफलला स्थिर करते. उभ्याने नेम धरताना तेच वजन कमरेवर आणि पाठीवर ताण आणते. पुरुषांच्या ५० मीटर रायफलला ८ किलोग्रॅमची कमाल मर्यादा आहे. सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला या मर्यादेजवळची रायफल देणे म्हणजे त्याच्या शरीराला चुकीची ठेवण लावणे होय. नळीची लांबी ठरविताना नेमबाजाची उंची, हाताची लांबी आणि स्पर्धेतील स्थिती यांचा विचार आधी करणे म्हणूनच आवश्यक आहे.

दुसरा घटक वेळेचा. गोळी नळीत असेपर्यंत हाताची प्रत्येक हालचाल तिच्या दिशेवर परिणाम करते. सेकंदाला ३२० मीटर वेगाने जाणाऱ्या गोळीला नळीचे अधिकचे १५ सेंटिमीटर पार करण्यास अर्ध्या सहस्रांश सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. अनुभवी नेमबाजाच्या बाबतीत हा काळ नगण्य आहे. नवोदिताचा चाप ओढतानाचा हिसका मात्र याच काळात गोळीपर्यंत पोहोचतो. पॉइंट २२ च्या स्पर्धा-रायफलींत ६५ ते ६९ सेंटिमीटरच्या नळ्या रूढ असल्या तरी याहून आखूड नळ्याही वापरल्या जातात, त्यामागे तोलाबरोबरच हा विचार आहे.

७. एकाच रायफलवर दोन कामे

अनेक देशांत शिकार आणि नेमबाजी या दोन्हींसाठी एकच रायफल मागणीप्रमाणे घडवून घेण्याची पद्धत आहे. अशा वेळी निवड कठीण होते, कारण दोन्ही उपयोगांच्या गरजा भिन्न आहेत. शिकाऱ्याला दिवसभर खांद्यावर वाहता येईल, झुडपांत अडकणार नाही आणि झटकन उचलता येईल अशी रायफल हवी असते. तो एकदोनच गोळ्या झाडतो, त्यामुळे नळी तापण्याचा प्रश्न त्याला पडत नाही. नेमबाज एका बैठकीत साठ किंवा अधिक गोळ्या झाडतो, रायफल वाहून नेत नाही आणि त्याला वजन हवेच असते. या कारणाने शिकारी रायफलच्या नळ्या साधारण २० ते २४ इंच आणि बारीक असतात, तर लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या नळ्या २६ ते ३० इंच आणि जाड असतात. दोन्ही कामे करू पाहणाऱ्यांसाठी मध्यम जाडीची २४ इंची नळी ही तडजोड सर्वमान्य आहे. नळी फार आखूड केल्यास आवाज आणि तोंडाशी होणारा वायूचा स्फोट वाढतो. त्याने नेमबाज दचकू लागतो आणि दचकणे हा नेमाचा सर्वांत मोठा शत्रू होय.

भारतापुरते बोलायचे तर ही तडजोड आज केवळ अभ्यासाचा विषय आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आरंभी काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपुष्टात आली आणि करमणुकीची शिकार पूर्णतः बंद झाली. वसईच्या पूर्वेस सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे तुंगारेश्वर अभयारण्य २००३ मध्ये घोषित झाले. अभयारण्यात परवानगीविना शस्त्रासह प्रवेश करणेही कायद्याने निषिद्ध आहे. तरीही चोरटी शिकार थांबलेली नाही. २०२५ च्या प्रारंभी पालघर जिल्ह्यातील बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या गटातील गोळी सोबत्यालाच लागून त्याचा मृत्यू झाल्याचे उघडकीस आले. अंधारात, झाडीत, सावज न ओळखता चाप ओढणाऱ्या हातात कोणत्याही लांबीची नळी धोकादायकच असते.

८. भारतीय कायद्यातील नळीची लांबी

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये नळीच्या लांबीचा प्रत्यक्ष उल्लेख आहे, ही बाब अनेकांना अपरिचित असते. अधिनियमाच्या कलम १३ मध्ये संरक्षणासाठी किंवा क्रीडेसाठी २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीच्या, आटे नसलेल्या बंदुकीचा आणि प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र विचार केला आहे. त्याच कलमात केंद्र शासनाने मान्यता दिलेल्या रायफल क्लबच्या सदस्याला लक्ष्यसरावासाठी पॉइंट २२ रायफल किंवा एअर रायफल देण्याची तरतूद आहे. आखूड नळीची बंदूक कपड्यांत लपविता येते, हे २० इंचांच्या मर्यादेमागील उघड कारण आहे.

कलम ६ नुसार परवान्याशिवाय कोणत्याही बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. कलम ५ नुसार शस्त्र तयार करणे, त्यात रूपांतर करणे, त्याची दुरुस्ती किंवा चाचणी करणे यांसाठीही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमांच्या उल्लंघनास किमान ७ वर्षांच्या कारावासाची आणि कमाल जन्मठेपेची तरतूद झाली. त्याच दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाने बाळगावयाच्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली.

वसई-विरारच्या संदर्भात या तरतुदींना विशेष महत्त्व आहे. वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यात लेथ आणि संगणकनियंत्रित यंत्रांवर अतिशय सूक्ष्म मापाचे काम करणारे असंख्य लघुउद्योग आहेत. नळी इंचभर कापून तोंडाची कड नव्याने घासणे हे तेथील कुशल कारागिराला तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. परंतु परवान्याविना असे काम करणारा कारागीर आणि ते करवून घेणारा शस्त्रधारक हे दोघेही गंभीर गुन्ह्यास पात्र ठरतात. मागणीप्रमाणे नळी हवी असल्यास ती खरेदीपूर्वी, अधिकृत निर्मात्याकडून आणि परवान्यातील नोंदीनुसारच घ्यावी लागते. ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय कार्यान्वित झाल्याने येथील परवान्यांचा कारभार आयुक्तालयाकडे आहे. जिल्ह्याच्या उर्वरित भागात तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो.

९. निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून महाविद्यालये, क्लब आणि पालक यांच्यासाठी निवडीचा पुढील क्रम सुचविता येतो. प्रथम, रायफलचा उपयोग निश्चित करावा : १० मीटर, ५० मीटर की त्याहून लांब पल्ला. दुसरे, त्या प्रकारच्या चालू स्पर्धानियमांतील वजन आणि लांबीच्या मर्यादा पाहाव्यात. तिसरे, परवान्याची आवश्यकता आणि त्यातील अटी तपासाव्यात. चौथे, नेमबाजाची शरीरयष्टी आणि मुख्य स्थिती लक्षात घेऊन तोल ठरवावा. पाचवे, दुर्बीण वापरावयाची की माशी, हे ठरवून दृष्टिरेषेचा विचार करावा. या पाच पायऱ्यांनंतर नळीच्या लांबीचे उत्तर बहुतांशी आपोआप मिळते. वेगाचा विचार सर्वांत शेवटी करावा, कारण कागदी लक्ष्यासाठी सातत्य महत्त्वाचे असते.

नवोदितासाठी १० मीटर एअर रायफलपासून आरंभ करणे सर्व दृष्टींनी हितावह आहे. त्यात नळीच्या लांबीचा निर्णय निर्मात्याने आणि नियमांनी आधीच घेतलेला असतो. शक्य तेथे विद्यार्थ्याने आरंभी क्लबची रायफल वापरून पाहावी आणि वर्षभराच्या सरावानंतरच स्वतःची घ्यावी. ज्या पैशातून नळीचे चार इंच अधिक विकत घेतले जातात, त्यात काही महिन्यांच्या सरावाच्या गोळ्या आणि प्रशिक्षकाचे मानधन भागू शकते. गुणांत होणारी वाढ प्रामुख्याने त्यातूनच होते.

१०. निष्कर्ष

१. नळीची लांबी वाढविल्याने वेग वाढतो, परंतु प्रत्येक पुढच्या इंचाचा लाभ घटत जातो. पॉइंट २२ मध्ये तो १६ ते १८ इंचांनंतर जवळजवळ संपतो.

२. समान जाडीची आखूड नळी लांब नळीपेक्षा अधिक ताठ असते. गोळ्यांच्या एकत्रित पडण्यासाठी हा ताठपणा वेगापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

३. लांब नळीचा खरा लाभ दृष्टिरेषेचा आहे. तो जोडनळीने स्वतंत्रपणे मिळविता येतो आणि दुर्बिणीच्या रायफलमध्ये त्याची आवश्यकता नसते.

४. शिकार आणि नेमबाजी यांना एकत्र सांधणारी रायफल ही भारतात कायद्याने कालबाह्य झालेली कल्पना आहे. येथील निवड क्रीडाप्रकारानुसारच करणे योग्य होय.

५. परवान्याविना नळी आखूड करणे हा गंभीर गुन्हा असल्याने लांबीचा निर्णय खरेदीपूर्वीच पूर्ण विचाराने घेणे आवश्यक आहे.

१९५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते आणि त्यांच्या नावाने आजही देशपातळीवरील नेमबाजी स्पर्धा भरविली जाते. त्या परंपरेत येणाऱ्या नव्या पिढीच्या हाती रायफल देताना, तिची नळी किती लांब आहे यापेक्षा ती कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या हातासाठी आहे, हे शिक्षकांनी आधी पाहणे अगत्याचे आहे.